तीन महिने सांगायचं नाही

नळाला पाणी येतं त्या दिवशी आपल्या शहरात आजारी माणूसही खाटेवरून उठून पाइप लावतं. आठवडाभर वाट बघायला लावून आलेलं पाणी असतं ते. लग्नाची तारीख पुढं ढकलता येते, पाण्याची नाही. म्हणून बेगमपुऱ्याच्या त्या बोळात सगळ्यांच्या टाक्या निम्म्या भरत आल्या तरी समोरच्या राहतच्या दारात पाइपचं वेटोळं तसंच पडलेलं दिसलं, तेव्हा भागूबाईच्या काळजात चर्र झालं.

"राहत! ए राहत! पाणी आलंय ना!"

आतून ओ आली नाही.

भागूबाई मूळची कन्नडकडची. नवरा वारल्यावर ती मुलाकडं, सोमनाथकडं राहायला आली. सोमनाथ वाळूजला कंपनीत आणि सून मोनाली एका पतसंस्थेत. समोरची राहत तिच्याच वयाची. सकाळचा चहा राहतकडं आणि दुपारचा भागूबाईकडं, हा दोघींचा रिवाज रमजानचा महिना सोडला तर कधी मोडला नव्हता. दोघींनाही साखरेचा आजार होता. राहतच्या तर अलीकडं किडन्याही थकल्या होत्या.

भागूबाई पदर खोचून थेट आत गेली. राहत खाटेवर उताणी पडली होती. डोळे अर्धवट उघडे, तोंड कोरडं, आणि हात मधूनच दचकत होते, झोपेत कुणी सुई टोचावी तसे.

"राहत! अगं काय व्हतंय तुला?"

"भागू..." जीभ जड झाली होती. शब्द तोंडातच विरघळला आणि डोळे पुन्हा मिटले.

भागूबाईनं मुनीबच्या नावानं अशी आरोळी ठोकली की अख्खा बोळ दारात आला. राहतचा मुलगा मुनीब, कूलर-पंखे दुरुस्त करणारा शांत माणूस, आई खाली पाइप लावेल या भरवशावर वर पत्र्यावर टाकी धूत होता. तो खाली आला आणि आईला बघून पांढराफटक पडला. "लकवा मार गया क्या खाला?" त्यानं विचारलं. एरवी सगळ्याचं निदान ठोकणाऱ्या भागूबाईनं नुसता राहतचा हात धरला.

मोनालीनं रिक्षा थांबवली. मुनीब रिक्षावाल्याशेजारी, मागं भागूबाई आणि मोनाली, आणि दोघींच्या मांड्यांवर आडवी राहत. घाटीचा सरकारी दवाखाना जवळच आहे, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. राहतचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या भागूबाईच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. डबा.

तो डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, निळा. त्यात बिस्किटं कधीकाळी होती. आता गोळ्या होत्या. सर्दीच्या, पित्ताच्या, जुलाबाच्या, कुणाच्या तरी उरलेल्या, कुणाच्या मयताघरच्या. भागूबाईला फेकवत नसे. बोळातल्या बायका दवाखान्यात जायच्या आधी भागूबाईच्या ओट्यावर येत, आणि भागूबाई चष्मा लावून, डब्यात बोटं फिरवून, "हे घे, रात्रीला, दुधासंगं" असं सांगून त्यांना वाटेला लावी. फी नाही, नंबर नाही, वर चहा. तिला लोक चेष्टेनं डॉक्टरीणबाई म्हणत आणि ती ते खरंच मानून घेई.

त्या डब्यातला मानाचा पाट होता नसांच्या गोळीला. म्हणायला गोळी, तशी कॅप्सूल. भागूबाईच्या तळपायांची साखरेच्या आजारानं रात्ररात्र आग होत असे, आणि डॉक्टरांनी तिला ती कॅप्सूल लिहून दिली होती. पंधरवड्यात आग निवली. मग काय! जगातलं सगळं दुखणं नसांचंच असतं अशी तिची खात्री पटली. मान आखडली, नस. हात बधिर, नस. कंबर धरली, नस. मेडिकलवाला ओळखीचा, जुनी चिठ्ठी दाखवली की तो हवी तेवढी पाकिटं देई. भागूबाई कात्रीनं पाकीट कापून दोन-दोन, चार-चार कॅप्सूल वाटे. कापलेल्या तुकड्यावर नावाचं अक्षरही येत नसे, पण नावाची गरज होती कुणाला? "नसांची" म्हटलं की झालं.

राहतनं महिन्याभरापूर्वी म्हटलं होतं, "भागू, पैरां में रात भर मुंग्या चलते गे. नींद नहीं."

"माझी गोळी घे की मग. मोनालीची कंबर बघ, आठ दिसांत मोकळी झाली."

"गुर्दे कमजोर हैं ना मेरे. मुनीब गुस्सा करेगा."

"अगं नस पायात, किडनी पोटात. तिचा अन् हिचा काय संबंध?" भागूबाईनं तिथंच निकाल लावला होता. राहत हसली होती आणि पदराच्या टोकाला तुकडा बांधून म्हणाली होती, "मुनीब को मत बोलना हां." तुकडे संपले की राहत पुन्हा येई आणि भागूबाई पुन्हा कापून देई. रात्रीला एक, असं सांगितलं होतं खरं. पण राहत तुकडा लवकर लवकर संपवत होती, हे भागूबाईच्या ध्यानात आलं होतं. तिला वाटलं, गुण येतोय म्हणून घेत असेल. तिला बरंच वाटलं होतं त्याचं.

घाटीत राहतला आत नेलं. बाहेर बाकावर तिघं बसली. तास गेला, मग आणखी. मुनीब कागद घेऊन इकडून तिकडं पळत होता. भागूबाई मनातल्या मनात घृष्णेश्वराला साकडं घालत होती की लकवाच असू दे. मग स्वतःच्याच विचारानं दचकत होती. मैत्रिणीला लकवा मागणारी बाई कसली! पण लकवा असला तर डबा सुटणार होता.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, पण बोलणं स्वच्छ.

"डोक्याचा स्कॅन केला. रक्तस्राव नाही, लकव्याचं काही दिसत नाही. साखर ठीक आहे. किडनीचा रिपोर्ट वाढलाय, पण एवढ्यानं माणूस इतकं गुंगीत जात नाही, असे झटके येत नाहीत. श्वास मंद होतोय त्यांचा. पोटात दुसरं काहीतरी गेलंय. कुठलं औषध चालू होतं?"

मुनीबनं शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या. "इतनीच हैं डॉक्टर साहब. मैं खुद देता हूँ अपने हाथ से. ज्यादा एक गोली नहीं. मीठ भी चमचे से नाप के देता मैं अम्मी को."

"मग हे काय?" डॉक्टरणीनं तळहात पुढं केला. त्यावर रुपेरी पाकिटाचा रिकामा तुकडा होता. कात्रीनं सरळ कापलेला. "त्यांच्या पदराच्या गाठीत सापडला. यावर नाव नाही. काय आहे हे?"

मुनीबनं तो तुकडा उलटासुलटा केला. त्याला काही समजेना. त्यानं तो भागूबाईपुढं धरला. "खाला, तुमको मालूम है?"

भागूबाईनं तुकड्याकडं पाहिलं, मुनीबकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

बाजूला मोनाली बसली होती. तिनं तुकडा पाहिला आणि सासूकडं पाहिलं. त्या घरात तसे तुकडे रोज कापले जात. ती बघत राहिली.

"लवकर कळलं तर बरं," डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतर आम्ही अंधारात चाचपडत राहणार. श्वास आणखी मंदावला तर मशिनवर ठेवावं लागेल." आणि ती आत गेली.

भागूबाई उठली. "चल मोनाली, घरी जाऊ. पाणी चालू ऱ्हायलंय. टाकी वाहून जाईल."

मोनाली हलली नाही.

"चल म्हणते ना!"

"आई, टाकीचा कॉक मी बंद करून आले होते," मोनाली हळूच म्हणाली.

भागूबाई तशीच दोन पावलं दाराकडं गेली. तिच्या मनात काय काय येऊन गेलं! पोलीस, बोळ, मुनीबचं तोंड, सोमनाथची मान खाली. राहतला दिलेला शब्द. वर चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे प्रत्येक येणारा-जाणारा आपल्याकडंच बघतोय असं तिला वाटत होतं. तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची आयुष्यभराची ख्याती. शेजारणीच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही सांगणारी बाई, आणि आज एक शब्द तिच्या ओठांतून बाहेर येईना. तेवढ्यात आतून आवाज आला. राहत कण्हत होती. आणि कण्हण्यात एक शब्द तेवढा कळला. "भागू..."

भागूबाई मागं फिरली आणि थेट आतल्या पडद्यापाशी गेली. "डॉक्टरीणबाई! अवं डॉक्टरीणबाई! ती गोळी माझी हाय. मी दिली तिला."

मुनीबच्या हातातल्या चिठ्ठ्या खाली पडल्या. त्यानं त्या उचलल्या नाहीत.

"कसली गोळी? नाव?" डॉक्टरणीनं विचारलं.

"नाव नाय म्हाईत. नसांची हाय. लाल-पांढरी. घरी हाय डब्यात."

मोनालीनं तोवर फोन काढला होता. शेजारच्या घरातली रूपाली, याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, तिला तिनं सांगितलं, "आमच्या घरात जा, फडताळात निळा डबा आहे, त्यातल्या लाल-पांढऱ्या गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून पाठव. नाव दिसू दे." मुनीब भिंतीला कपाळ टेकून उभा होता. फोन वाजला, फोटो आला. डॉक्टरणीनं स्क्रीन मोठी करून बघितली आणि तिच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं झालं.

"प्रेगाबालिन. किती घेत होत्या?"

"मी तर रात्रीला एक सांगितली व्हती. पर तुकडे लवकर संपायचे. दोन-तीन घेत आसंल दिवसाला."

"ही गोळी शरीराबाहेर पडते ती किडनीवाटे. किडनी धड नसेल तर ती आत साचत जाते. अशा माणसाला द्यायचीच झाली तर रक्त तपासून, अगदी कमी देतात. तुम्ही वरून ओतत गेलात आणि खालची मोरी तुंबलेली."

मोरीचं भागूबाईला चटकन समजलं. नस पायात आणि किडनी पोटात, हे आपण किती ठसक्यात म्हटलं होतं, तेही आठवलं.

"वाचंल ना वो ती?"

"आता कशाशी झुंजायचं ते कळलं. डायलिसिस केलं की ही रक्तातून निघून जाते. सांगितलंत ते बरं केलंत." डॉक्टरणीनं नर्सला काही सूचना दिल्या.

मुनीब वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "खाला," तो म्हणाला, "अम्मी आप पर मुझसे ज्यादा भरोसा करती थी." एवढंच. तो ओरडला असता तर भागूबाईला सोसलं असतं.

डॉक्टरीण जाता जाता थांबली. "अजून कुणाकुणाला दिलीत ही?"

भागूबाई आता काही लपवण्याच्या पलीकडं गेली होती. "लई जणींना दिली. कोपऱ्यावरल्या सखारामच्या आईला. रूपालीच्या सासूला, मानेसाठी. ह्या माझ्या सुनंला, कंबर दुखायची म्हणून."

"त्यात कुणी गरोदर आहे?"

"नाय, नाय! पोटुशी कुणी नाय." भागूबाई ठामपणे म्हणाली. बोळातलं कुणाचं पोट तिच्या नजरेतून सुटलं असतं होय?

मागून मोनालीचा आवाज आला, अगदी खालचा.

"आई... सांगू का?"

भागूबाई वळली. मोनाली डॉक्टरणीकडं बघतच नव्हती. ती सासूकडं बघत होती. परवानगी मागत होती.

आणि भागूबाईला सगळं कळलं. विचारण्यातूनच कळलं.

गेल्या साली मोनालीला दिवस गेले होते. दुसरा महिना लागला न लागला तोच भागूबाईनं बोळभर पेढे वाटले, कन्नडला फोन केले, नळावर पोराचं नावसुद्धा ठरवलं. पंधरा दिवसांत सगळं वाहून गेलं. मोनाली भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि भागूबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं होतं. नजर लागली, तिची खात्री होती. आणि नजर आली ती आपल्याच जिभेवरून. तेव्हा तिनं मोनालीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. "पुढच्या खेपेला तीन महिने भरस्तोवर कुणाला सांगायचं नाय. मलाबी नाय. माझ्या तोंडाचा भरोसा नाय."

पोरीनं ती शपथ पाळली होती.

"सांग," भागूबाई म्हणाली. "सांग बाई."

"दुसरा महिना संपत आलाय," मोनाली डॉक्टरणीला म्हणाली. "गोळी घ्यायला लागले तेव्हा मला माहीत नव्हतं. आई रोज रात्री दुधाचा ग्लास आणि गोळी घेऊन उभ्या राहायच्या. घरी तपासलं, समजलं, तरी त्यानंतर दोन रात्री घेतली. नको म्हणायला कारण सुचेना. मग कंबर बरी झाली म्हणून सांगितलं."

"म्हंजी बरी झाली नव्हती?" भागूबाईनं विचारलं.

मोनालीनं मान हलवली.

भागूबाई बाकावर बसली. आठ दिवसांत मोकळी झालेली कंबर! तिनं ती सगळ्या बोळाला ऐकवली होती. त्याच कंबरेचा दाखला देऊन राहतच्या हातात तुकडा ठेवला होता. आणि ही पोर भिंत धरून चालत होती, कपडे वाळत घालताना ओठ दाबत होती, ते आपल्याला दिसत होतं आणि आपण बघत नव्हतो. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती म्हणतात, पण इथं तर दोन घरांत मारुती झाला होता.

"बाळाला काय व्हईल?" हा प्रश्न विचारायला तिला फार बळ गोळा करावं लागलं.

डॉक्टरीण मोनालीशेजारी बसली. "आधी हे ऐक. ही गोळी पोटात गेली म्हणजे बाळाला काही होणारच, असं नाही. बहुतेक बाळं ठीकच जन्मतात. पण पहिल्या महिन्यांत घेतली तर व्यंगाचा धोका थोडा वाढतो असं दिसलंय. म्हणून गरोदर बाईला ही आपल्या मनानं द्यायची नसते. एखादीला गरजच असेल तर तिचे डॉक्टर तोलून मापून ठरवतात. उद्या बाळंतपणाच्या विभागात जा आणि सगळं सांग. कंबरेचंही सांग, सोसत बसू नकोस. त्यावर इलाज असतो."

"आणखी महिनाभर थांबून गेलं तर?" भागूबाईनं विचारलं. सवय जात नाही म्हणतात ती अशी. "तीन महिने भरल्यावर?"

"काकू, बाळाचे हातपाय, काळीज, मेंदू, सगळं याच तीन महिन्यांत घडतं. याच दिवसांत डॉक्टरला माहीत पाहिजे. नंतर सांगून काय उपयोग?"

ज्या दिवसांत सांगायचं, नेमक्या त्याच दिवसांवर भागूबाईनं कुलूप घातलं होतं, आणि त्यावर स्वतःच्या डोक्याची शपथ ठेवली होती.

"मी आजच ती गोळी गटारात फेकते," ती उठत म्हणाली. "माझीबी बंद. आग झाली तर व्हऊ दे."

"मुळीच नाही! तुमची तुम्हाला लिहून दिलेली आहे. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर त्रास होतो. तुमच्या डॉक्टरांना भेटा, किडनी तपासून घ्या, ते सांगतील तशी घ्या. तुम्हाला ती औषधच आहे. डब्यातून दुसऱ्याच्या हातात गेली की तिचं काय होतं, ते आज बघितलंत."

राहतनं दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे नीट उघडले. भागूबाई दाराबाहेर उभी होती. आत जायची तिची हिंमत नव्हती. मुनीबनं तिला पाहिलं, तोंड फिरवलं, आणि मग बऱ्याच वेळानं पडदा बाजूला धरून उभा राहिला. आत राहत कागदासारखी पांढरी पडली होती, पण ओळखत होती. "मुनीब, भागू को कुछ मत बोल," ती पुटपुटली. "मैंनेच माँगी. ज्यादा भी मैंनेच खाई." भागूबाईनं तिचे पाय धरले. त्याच पायांत मुंग्या येत होत्या.

मोनालीलाही त्याच सकाळी तपासलं होतं. सोमनाथनं रजा टाकली होती. पोटातला ठोका लागला. ठीक आहे, म्हणाले. बाकीचं पुढच्या मोठ्या सोनोग्राफीत कळेल, अवयव नीट दिसायला वेळ लागतो. "तवर?" भागूबाईनं विचारलं, तर तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तवर वाट बघायची, आजी." तिला पहिल्यांदाच कुणी आजी म्हटलं होतं, आणि तिला आनंद करावा की रडावं ते समजेना. घरी येऊन तिनं निळा डबा पालथा केला. स्वतःच्या गोळ्या वेगळ्या काढल्या, बाकीच्या पिशवीत बांधल्या आणि मेडिकलवाल्याच्या टेबलावर नेऊन आपटल्या. "अन् जुन्या चिठ्ठीवर मला परत देशील तर बघ!" तिनं त्यालाही सुनावलं. तो बिचारा बघतच राहिला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी बोळ पुन्हा दारात आला. पाइप लागले, घागरी लागल्या. राहत अजून दवाखान्यात होती; तिची टाकी भागूबाईच भरत होती. बायका तिच्याकडं बघत होत्या, पण कुणी विचारत नव्हतं. बोळात एवढंच पसरलं होतं की राहतला किडनीचा त्रास झाला. मुनीबनं कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. भागूबाई गप्प राहिली असती तर तिची डॉक्टरकी शाबूत राहिली असती.

"भागूबाई," सखारामची आई म्हणाली, "दोन नसांच्या ठेव ना माझ्यासाठी. हात लई बधिर हाय."

भागूबाईनं पाइप खाली ठेवला. आपल्या दाराकडं पाहिलं. उंबऱ्यात मोनाली उभी होती, एक हात कंबरेवर. तीन महिने भरायला अजून अवकाश होता.

"सांगू का गं?" भागूबाईनं विचारलं.

मोनालीनं क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "सांगा."

"आयका गं सगळ्याजणी," भागूबाईचा आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला. "राहत माझ्या गोळीनं पडली. मरता मरता वाचली. अन् माझ्या सुनंला दिवस गेलेत, तिच्याबी पोटात मीच ती गोळी घातली. बाळाचं काय व्हईल ते अजून म्हाईत नाय. मला वाटायची तेवढी लाज वाटली, तुम्ही आता काय बी म्हणा. पर ज्याला ज्याला माझ्या डब्यातली गोळी गेली, त्यानं आज दवाखान्यात जाऊन सांगायचं. ज्या रोज घेत आसतील त्यांनी मनानं बंद बी करायची नाय, डॉक्टरला इचारायचं. अन् पोटुशी आसंल तर तिनं आधी जायचं. तीन महिने भरायची वाट बघायची नाय."

सखारामच्या आईनं पदर तोंडाला लावला. मग शेजारच्या दारातून रूपाली पुढं आली. तिच्या हातात पाइप होता, आणि ती भागूबाईकडं न बघता आपल्या सासूकडं बघत होती. सासू मान खाली घालून उभी होती.

"काकू," रूपाली म्हणाली, "मी त्या दिवशी फोटो पाठवल्यावर मोनालीवहिनींना विचारलं होतं, ही गोळी वाईट असते का. त्यांनी बघितलंच नसेल. माझा पाय लचकला होता, तर मला सासूबाईंनी त्यांच्यातल्या निम्म्या दिल्या. रोज घेते मी." ती थांबली. "आणि माझी पाळी चुकलीय. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं."

तिच्या हातातून पाइप सुटला. पाणी बोळातून उताराला वाहत चाललं होतं, आणि आठवडाभर त्याची वाट बघितलेल्या बायकांपैकी एकीनंही पुढं होऊन तो उचलला नाही. भागूबाईनं चपला पायात सरकवल्या, रूपालीचा हात धरला आणि मोनालीला म्हणाली, "रिक्षा थांबव."